दावं विकणाऱ्याचं

जळगाव, ६ जानेवारी १९९४

नाही मामा, अजिबात नाही. टीव्हीचं तोंड उघडून दात मोजता येत नाहीत. 'चाळीस वर्षं बैल पारखले, हा तर नुसता डबा' हे तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला धडकी भरली. बैल निदान लाथ मारून सांगतो की मला बरं नाही. टीव्ही लिलावात गुपचूप बसतो आणि घरी आणला की मरतो. मग तो माझ्याकडे येतो. माझं दुकानच अशा मेलेल्यांवर चालतं, म्हणून सांगतोय.

नमस्कार शेवटी करतो, आधी भांडण.

नरडाण्याच्या त्या बंद पडलेल्या सूत कंपनीचं सामान लिलावात निघतंय, तर जरूर जा. पण टीव्हीसमोर उभे राहू नका, मागे जा. पुढून सगळेच देखणे असतात. मागच्या झाकणाचे स्क्रू बघा. खाच घासून चकाकत असेल तर तो डबा पाच जणांनी उघडलाय. जाळीला नाक लावा. जळकट वास आला तर पुढे चला. आत धूळ दिसली तर खूश व्हा, म्हणजे कोणी हात घातलेला नाही. चालू करून दाखवत असतील तर तासभर चालू ठेवायला सांगा. थंड असताना सगळेच चालतात, तापल्यावर खरं काय ते कळतं. पहिली बोली लावू नका. आणि जास्तीत जास्त किती द्यायचे तो आकडा घरूनच कागदावर लिहून खिशात ठेवा. मनात ठेवला तर लिलावात मन फितूर होतं, मी स्वतः एकदा पंखा टीव्हीच्या किमतीत आणलाय.

घाई मलाही आहे. मामी गुडघ्याच्या औषधाला म्हणून आली. औषध पंधरा दिवसांचं होतं, आज सहावा आठवडा चालू आहे. माझ्या एका खोलीत पुढे दुकान, मागे मी, आणि आता सगळीकडे मामी. माझे स्क्रू तिने मसाल्याच्या डब्यात लावलेत, मोहरीच्या वाटीत बारीक, धण्याच्या वाटीत मोठे. दुरुस्त झालेला टीव्ही चार तास चालवून बघावा लागतो, ते काम तिने अंगावर घेतलंय. मालिका संपल्याशिवाय गिऱ्हाइकाला टीव्ही देऊ देत नाही. काल एकाला तोंडावर म्हणाली, "ह्या डबाले आधी कोनी तरी खोलेल शे." खरंच होतं, पण तो माणूस चिडून गेला.

तुमचं बरोबर आहे, घरी टीव्ही आला की ती येईल. म्हणून नीट आणा.

नमस्कार.
सुकदेव


साक्री, ११ जानेवारी

चि. सुकदेव यास आधारमामाचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. तुला वाटतं तू नवीन सांगतोस. बाजाराच्या आदल्या दिवशी बैलाच्या शिंगाला तेल लावतात, तो बैल मी घेत नाही. तेच तुझे चकाकणारे स्क्रू. तासभर चालवून बघ म्हणतोस, मी बैल दोन कोस चालवतो, लंगडा पहिल्या फर्लांगात लंगडत नाही. धुळीचं मात्र मला माहीत नव्हतं. आमच्यात धूळ म्हणजे आळशी मालक.

पण एक तू विसरलास. जनावर बघून झालं की मी मालकाचं तोंड बघतो. विकताना ते कसं होतं ते. त्यावरून मी कधी फसलो नाही.

आकडा कागदावर लिहिला आहे. कितीचा ते तुला सांगणार नाही. मी दलाल माणूस. आमच्यात हातावर टॉवेल टाकतात आणि त्याच्याखाली बोटं धरून भाव ठरतो. शेजारी उभ्या माणसाला कळत नाही. चाळीस वर्षांत एकदाही मी तोंडाने किंमत काढलेली नाही, बाजारात नाही आणि घरात नाही. म्हणून तर फोन करायला त्या एसटीडीच्या खोपट्यात मी जात नाही. तिथला पोऱ्या सगळं ऐकतो.

इकडे ठीक आहे. भाकरी मी करतो, नकाशासारखी होते. गोठ्यात काम नाही त्यामुळे वेळ मिळतो. तुझ्या मामीला टीव्हीचं सांगू नको. दारात बघितल्यावर तिचं तोंड कसं होतं ते मला बघायचं आहे. गुडघा कसा आहे ते मात्र कळव. नुसतं बरा आहे असं लिहू नको. जिना चढते का ते लिही.

आधार


पोस्टकार्ड
जळगाव, १४ जानेवारी

मामा, लिलावात टॉवेल चालत नाही. सगळ्यांसमोर ओरडून बोली लावतात, जो शेवटी ओरडेल त्याचा माल. तोंड उघडावंच लागेल. घरी सराव करून जा. धुळ्याचे टीव्हीवाले येतील, ते आपसात भाव चढवतात, त्यांच्यात पडू नका. जिना चढते, उतरताना कठडा धरते. तुम्हाला पत्र लिहितोय हे तिने ओळखलं. काय लिहितोस विचारलं नाही, एवढंच म्हणाली, "त्यास्ले इचार, दावं कोठे टांगेल शे." मला अर्थ लागला नाही, तुम्हाला लागला तर बघा. कार्ड संप


साक्री, २३ जानेवारी

चि. सुकदेव यास आशीर्वाद.

टीव्ही आणला. आता नीट ऐक.

पन्नासेक माणसं होती. गेस्ट हाऊसचे चार टीव्ही ओळीत मांडलेले, काचा पुसलेल्या, एकावर तर प्लास्टिकचा गुलाब. मी मागे गेलो. स्क्रू सोन्यासारखे चमकत होते. लोक म्हणाले, "आजोबा, भिंत बघताय का." मी म्हटलं, "हो."

पाचवा टीव्ही कोपऱ्यात होता, वॉचमनच्या केबिनमधला. धुळीने भरलेला, स्क्रू गंजलेले. वास घेतला तर विडीचा आला, जळकट नाही. चालू करून कोणताच दाखवणार नव्हते, कंपनीची लाईट कधीच तोडलेली. म्हणून मी माणूस शोधला. वॉचमन तिथंच उभा होता, झिपरू नावाचा. आठ वर्षं त्याने रात्रपाळीला तो टीव्ही बघितलेला. लिलाव बघायला कशाला आलास विचारलं, तर म्हणे सहजच. आणि बोलता बोलता खांद्यावरच्या फडक्याने त्या डब्याचा फक्त वरचा भाग पुसत होता. त्याचं तोंड मी बघितलं. मला बाकी काही बघायचं राहिलं नाही.

मग लिलाव. टेबलामागे एक साहेब, चष्मा, हातात हातोडी. माझा टीव्ही आला तसा मी पुढे गेलो, टॉवेल काढला, त्यांच्या हातावर टाकला आणि खालून बोटं धरली. सवयीने झालं. साहेब ताडकन उभे राहिले. "अहो आजोबा, सगळ्यांसमोर लाच देता काय?" मी म्हटलं, "साहेब, लाच नाही, भाव आहे." लोक हसून हसून वाकले. साहेबांनी हात पँटला पुसला आणि म्हणाले, "जे काय आहे ते तोंडाने सांगा."

धुळ्याचा रतिलाल नावाचा टीव्हीवाला होता, त्याच्याबरोबर दोन माणसं. हा शंभर वाढवी, तो पन्नास, तिसरा तोंड वाकडं करी, जशी काही त्यांची भांडणंच आहेत. हे नाटक मी दोंडाईच्याच्या बाजारात स्वतः केलेलं आहे. त्यांना थकू दिलं. ते थांबले, साहेबांनी हातोडी उचलली, एकवार म्हणाले, दोनवार म्हणाले. माझ्या गळ्यातून आवाज येईना. सुकदेव, मी पोळ्याच्या दिवशी वेशीपासून हाक मारली तर तळ्यापलीकडे ऐकू जाते, पण आकडा येईना. शेवटी डोळे मिटले आणि ओरडलो. एवढ्या जोरात की बाहेर झाडाला बांधलेली बकरी ओरडली. पुढे कोणी बोललंच नाही. कागदावरच्या आकड्यापेक्षा कमीतच मिळाला.

किती ते सांगत नाही.

टेम्पोने आणला. अँटेना धुळ्याहून नवी घेतली, ती शेजारच्या बन्सीलालच्या गच्चीवर बांधली. आणि काल संध्याकाळी लावल्यापासून टीव्ही मेलेलाच आहे. बटण फिरवतो, टक वाजतं, बस. थोपटलं, गोंजारलं, उन्हात ठेवला. बन्सीलाल म्हणतो फसलात. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं आणि फसलो असं म्हणायची वेळ आली. झिपरूचं तोंड खोटं असेल असं मला वाटत नाही.

तू ये किंवा काही उपाय लिही. दाव्याचं नंतर बोलू.

आधार


जळगाव, २७ जानेवारी

मामा, घाबरू नका. पन्नास परक्या माणसांना जो आकडा माहीत आहे तो सख्ख्या भाच्याला कळू नये, हे मी मामीला सांगितलं नाही. खाली प्रश्न लिहिलेत. त्यांच्यासमोर उत्तरं लिहून हाच कागद परत पाठवा.

प्रश्न: प्लग भिंतीत नीट बसलाय का?
— कोणता प्लग.

प्रश्न: प्लग वायरीला असतो. टीव्हीच्या मागून जी काळी वायर निघते तिच्या टोकाला तो दिसतो का?
— मागून कोणतीही वायर निघत नाही. मागे एक भोक आहे. त्यात दोन काड्या दिसतात.

प्रश्न: काही टीव्हींना मागे भोक असतं, त्यात वायर खोचायची असते. ती पूर्ण आत गेलीय का?
— ती मी आणली नाही.

प्रश्न: टीव्ही आणताना वायर तपासून घेतली ना?
— घेतली. चांगली होती. तपासून झिपरूला परत दिली.

प्रश्न: आणखी काही सांगायचं असेल तर इथे लिहा.
— तू शहरात राहून विसरलास. जनावर विकलं की दावं विकणाऱ्याचं. ते त्याच्या घरी राहतं, गोठ्याची बरकत जाऊ नये म्हणून. घेणारा आपलं नवं दावं घेऊन येतो. साहेब म्हणाले वायर घेऊन जा बाबा, तुमचीच आहे. मी म्हटलं, साहेब, मी कोणाच्या घरचं दावं नेत नाही. वायर उपसली आणि झिपरूच्या हातात दिली. त्याने ती गुंडाळून छातीशी धरली. आता तू म्हणशील की त्याच वायरीतून लाईट जाते. ते मला आज हे लिहिताना कळलं. हसू नको. कागदाची जागा संपली. ३१ जानेवारी, आधार.


जळगाव, ४ फेब्रुवारी

मामा,

मी हसलो. माफ करा. गिऱ्हाईक उभं होतं, तेही हसलं. मामी आतून विचारत आली, काय झालं. टीव्हीची गोष्ट लपवायची होती हे विसरून मी सगळा कागद मोठ्याने वाचला.

आधी ती माझ्यापेक्षा जास्त हसली. पदर तोंडात धरून स्टुलावर बसली. मग एकदम उठली. चालू टीव्ही तिने स्वतःच्या हाताने बंद केला, मालिका अर्धी असताना. तेव्हा मला कळलं की काहीतरी वेगळं आहे.

ती म्हणाली, "झिपरूला दावं दिलं. बरं केलं. माझ्या घरीही एक दावं आलं होतं."

आणि मग तिने सांगितलं. त्या बाजाराच्या दिवशी तुम्ही तिच्या मोगरीला सोडून घेऊन गेलात. ती गाय तिने वासरू असल्यापासून वाढवलेली. संध्याकाळी ती पाणी भरून आली तर खुंटीला मोगरीचं दावं टांगलेलं. दाव्यावरून तिने ओळखलं. तिने विचारलं मोगरी कुठे, तुम्ही म्हणालात हात धुवायला पाणी दे. कोणाला दिली विचारलं, कितीला दिली विचारलं, तुम्ही टॉवेल झटकून खांद्यावर टाकलात. तिसऱ्या दिवशी ती गुडघ्याचं निमित्त करून माझ्याकडे आली.

मामा, आपण दोघे गाढव आहोत. ती टीव्हीसाठी थांबलेली नाही. तुमच्या अकरा तारखेच्या पत्रातलं 'गोठ्यात काम नाही' मी वाचलं आणि पुढे गेलो.

नवी वायर मी पाठवू शकतो, ती पस्तीस रुपयांची गोष्ट आहे. पण वायर लावून टीव्ही चालेल, मामी यायची नाही. मोगरी कोणाला दिली आणि कितीला दिली ते लिहा. शब्दांत लिहा, आकड्यांत लिहा, पण लिहा. नरडाण्याला ओरडू शकलात, तर साक्रीहून जळगावला लिहायला काय झालं.

सुकदेव


पोस्टकार्ड
साक्री, ९ फेब्रुवारी

चि. सुकदेव यास आशीर्वाद. पत्र पोचलं. थंडी कमी झाली. हरभरा चांगला आहे. बन्सीलालच्या गच्चीवरची अँटेना वाऱ्याने फिरली, सरळ केली. बाकी ठीक.
आधार


पोस्टकार्ड
जळगाव, १२ फेब्रुवारी

मामा, थंडी इकडेही कमी झाली. मामीने कार्ड वाचलं. म्हणाली, "हरभऱ्याचं बरं सुचलं." तिने माझ्या खोलीला लावायला नवे पडदे शिवायला घेतलेत. पडदे, मामा. याचा अर्थ तुम्हाला कळतो ना.
सुकदेव


साक्री, १९ फेब्रुवारी

चि. सुकदेव यास आशीर्वाद.

हे पत्र तिला वाचून दाखव.

मोगरी व्यायला आली होती. व्याली की तुझ्या मामीचं पुन्हा पहाटे चारला उठणं आलं. गेल्या खेपेला ती भिंतीला धरून उठायची. मी जागाच असायचो. भिंतीवर तिच्या हाताचा तेलकट डाग पडला होता, खालून वर सरकत गेलेला, तो अजून आहे. मी काढतो दूध म्हटलं तर मोगरी मला बादलीजवळ येऊ द्यायची नाही. विकू का असं विचारलं असतं तर ती म्हणाली असती माझा गुडघा ठणठणीत आहे. म्हणून विचारलं नाही. न विचारता केलं की सांगता येत नाही, हे मला नंतर कळलं.

दोंडाईच्याला अभिमन म्हणून एक शेतकरी आहे, घरात सहा माणसं, स्वतःची विहीर. टॉवेलखाली मी हात दिला. बोट दाबायचं तर दाबलं जाईना. दोनदा हात मागे घेतला. शेवटी अभिमन म्हणाला, "आधारभाऊ, राहू द्या बोटं. गाय मी तुमचं तोंड बघून घेतली." लोकांचं तोंड मी आयुष्यभर बघितलं. माझं कोणीतरी बघेल असं डोक्यात आलं नव्हतं.

बाजार असो नसो, दर आठवड्याला मी दोंडाईच्याला जातो. गूळ नेतो. मोगरी पौषात व्याली. कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका, आईसारखीच. मागच्या खेपेला मोगरीने गूळ खाल्ला पण माझ्याकडे बघितलं नाही. दोघींचं वागणं सारखंच आहे.

आता आकडा. मोगरी पाच हजार दोनशेला दिली. टीव्ही एकोणीसशेला घेतला. कागदावर दोन हजार लिहिले होते.

हात अवघडला. चार पानं फाडली.

आधार


जळगाव, २३ फेब्रुवारी

सुकदेवच्या मामांस,

हे मी स्वतः लिहितेय, सुकदेवला दिलं नाही. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, चालवून घ्या.

माले बठ्ठं समजनं, अगदी सगळं. एवढंच तेव्हा बोलला असता तर मी चार दिवस रडले असते आणि पाचव्या दिवशी तुमच्याबरोबर गूळ घेऊन निघाले असते. गुडघा ठणठणीत नाही. हे मी पण तुम्हाला कधी बोलले नाही, म्हणून निम्मी चूक माझी. निम्मीच.

भिंतीवरचा डाग पुसू नका. तो तिथे आहे हे मला माहीतच नव्हतं.

नरडाण्याची गोष्ट मी सुकदेवकडून तीनदा वाचून घेतली. बकरी ओरडली तिथे दर वेळी हसू येतं. टीव्ही तुम्ही चांगलाच घेतला असणार. वायर नसताना कोणाचा टीव्ही चालतो. बन्सीलालला सांगा, रुक्माबाई आली की तुझ्या घरी चहाला येईल आणि फसलात म्हणालास त्याचं उत्तर देईल.

आता मी निघतेय. पॅसेंजरने दोंडाईच्याला उतरणार, अभिमनचं घर विचारत जाणार, तिथून एसटीने साक्रीला. पडदे अर्धेच शिवले, बाकीचे सुकदेवने शिवावेत. त्याचे स्क्रू मोहरीच्या वाटीतच राहू दिलेत, आता त्यालाही तिथेच सापडतात.

माझ्या पिशवीत दोन दावी आहेत. एक काळं, टीव्हीचं. भाच्याकडून फुकट घेतलं नाही, पस्तीस सांगत होता, तिसात घेतलं, भर दुकानात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. दुसरं सुताचं, मी इथे बसून वळलं, मालिका बघता बघता. कपाळावर पांढरा ठिपका असलेलीला ते शोभेल. आईचं दूध सुटेपर्यंत तिथेच राहील ती, पण दावं आजच देऊन ठेवते. ती दुधाला येईपर्यंत गुडघ्याचं आपण दोघे मिळून बघू. अभिमनशी भाव मी करीन. टॉवेल माझ्याकडे नाही.

हे पत्र माझ्या मागून पोचेल. पोस्टमनकडून घ्या आणि माझ्यासमोर उभं राहून मोठ्याने वाचा, सगळ्या आकड्यांसकट. उत्तर लिहायला बसू नका, पत्ता बदलतोय.

गाडीची घंटा झाली. टपालपेटी फाटकातच आहे, पत्र टाकते आणि चढते.

रुक्मा